मोहिते सिस्टरांचा आकडा

नवी नर्स कामाला लागली की बाकीच्या तिला नाव विचारत, गाव विचारत, लग्न झालंय का ते विचारत. मोहिते सिस्टर विचारायच्या, "मागितलेस किती?"

मिळाले किती, असं नाही. मागितलेस किती. परळच्या त्या चाळीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये मी पहिल्या दिवशी ऑपरेशन थिएटरच्या मागच्या खोलीत शिरले, तेव्हा त्या स्टुलावर बसून गॉजच्या घड्या घालत होत्या. बुटक्या, रुंद खांद्यांच्या, केस टोपीत घट्ट बसवलेले. माझ्याकडे न बघताच त्यांनी तो प्रश्न विचारला. मी घोडपदेवच्या चाळीतली, नुकता नर्सिंगचा कोर्स झालेली. आमच्याकडे पगार हा विषय आई आणि बाबा दाराला कडी लावून बोलायचे. मी चाचरत म्हटलं, "मी नाही मागितले. डॉक्टरांनी विचारलं अपेक्षा काय, मी म्हटलं, तुम्ही द्याल ते."

त्यांनी घडी घालायची थांबवली. "द्याल ते म्हणायला तू देवळाच्या पायरीवर बसली होतीस का गं?"

मला इतकं लागलं की मी त्या दिवशी माझा डबा उघडलाच नाही. दुपारी त्यांनीच त्यांचा डबा माझ्यासमोर सरकवला. भाकरी आणि जवळ्याची चटणी. "खा परब. माझ्यावर राग धर, अन्नावर नको." नावाने त्या कुणालाच हाक मारत नसत. सगळ्या मुली त्यांच्यासाठी परब, राणे, कांबळे, डिसोझा. त्यांचं स्वतःचं नाव विशाखा आहे हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं.

थिएटरमध्ये त्यांचा हात बघण्यासारखा होता. सर्जनने हात पुढे करायचा अवकाश, हवं ते हत्यार तळव्यावर पडलेलं असायचं. कामावेळी त्या एक शब्द जास्तीचा बोलत नसत, पण बोलल्या की तो शब्द मागे घेत नसत. एकदा एक मोठे सर्जन पोट शिवायला घेत होते. सिस्टर म्हणाल्या, "सर, एक गॉज कमी आहे." सर घाईत होते. त्यांना पुढे आणखी एक केस होती. म्हणाले, "पुन्हा मोजा, तुमचीच चूक असेल." सिस्टरांनी सुई-दोरा पुढे केलाच नाही. "दोनदा मोजून झालं. शिवू नका." सरांनी चिडून पुन्हा हात घातला आणि गॉज सापडला, आतड्याच्या मागे. बाहेर आल्यावर सर म्हणाले, "सिस्टर, आज वाचवलंत तुम्ही मला." सिस्टर हात पुसत म्हणाल्या, "मला नका सांगू सर. पगारवाढीच्या वेळी मॅनेजमेंटला सांगा." सर मोठ्याने हसले. सांगितलं मात्र नाही.

त्या नर्सिंग होममध्ये मुली फार टिकत नसत. वर्ष-दोन वर्षं शिकायचं आणि मोठ्या हॉस्पिटलात जायचं. कुणी मुलाखतीला निघाली की चार वाजताच्या चहाला मागच्या खोलीत तिची तालीम व्हायची. मोहिते सिस्टर साहेब व्हायच्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात केसपेपरची पाटी, आवाज एकदम गोड. "बसा सिस्टर. तुमचं काम आम्हाला आवडलं. पगाराचं काय मनात आहे?" मुलगी खाली बघून काहीतरी पुटपुटली की पाटी टेबलावर आपटायची. "उठ. बाहेर जा. परत आत ये."

त्यांचे नियम ठरलेले होते. आकडा एकच सांगायचा, 'इतक्यापासून तितक्यापर्यंत' असं नाही. "दोन सांगितलेस की त्यांना खालचाच ऐकू येतो." घरची अडचण सांगायची नाही. "बाप आजारी आहे म्हणून पगार मागू नको, काम येतं म्हणून माग. बापाच्या आजारावर ते सहानुभूती देतील. सहानुभूतीने भाडं भरता येत नाही." आणि सगळ्यात महत्त्वाचं, आकडा सांगून झाला की गप्प. "आकडा सांगितला की मास्क वर. समोरचा कितीही वेळ गप्प बसू दे, तू बोललीस की मेलीस. पहिली बोलेल ती स्वतःचेच पैसे कमी करेल."

वॉर्डातले मामा दारातून जाता जाता ओरडायचे, "काय सिस्टर, आज कुठला आकडा लावताय? ओपन की क्लोज?" सिस्टर म्हणायच्या, "तुमचा मटका नशिबावर, आमचा मेहनतीवर. चहा ठेवा आणि निघा."

या तालमीतून गेलेल्या पाच-सहा मुली मला माहीत आहेत. प्रत्येक मुलगी पहिला पगार झाला की पेढे घेऊन यायची आणि कानात आकडा सांगायची. सिस्टर कानात ऐकायच्या आणि खोलीभर सांगायच्या.

मी स्वतः मात्र तिथेच राहिले. लग्न झालं, मुलगी झाली, घरापासून चालत दहा मिनिटांवर काम. बारा वर्षं गेली. मग जुने डॉक्टर थकले, त्यांची मुलं परदेशात, आणि त्यांनी नर्सिंग होम बंद करायचं ठरवलं. आम्हाला तीन महिन्यांची मुदत मिळाली. माझा नवरा संदेश ज्या कंपनीत गाडी चालवायचा, तिने त्याच सुमारास आपलं ऑफिस पनवेलच्या पुढे नेलं आणि ड्रायव्हर तिथलेच घेतले. म्हणजे घरात दोन पगार होते, त्यातला एक गेला होता आणि दुसरा जायच्या वाटेवर होता.

करी रोडच्या एका जुन्या गिरणीच्या जागेवर तेव्हा मोठं खाजगी हॉस्पिटल उभं राहत होतं. आम्ही सगळ्यांनी अर्ज केले. मी स्टाफ नर्ससाठी, मोहिते सिस्टरांनी थिएटर इन्चार्जसाठी. त्या जागेला त्यांच्याइतकं लायक दुसरं कोण होतं? आम्ही तर त्यांना आधीच इन्चार्ज म्हणून हाक मारायला लागलो होतो.

दोघींची मुलाखत एकाच दिवशी होती. माझी लवकर आटोपली. मी समोरच्या उडुप्याच्या हॉटेलात त्यांची वाट बघत बसले. तासाभराने त्या आल्या. इस्त्रीची साडी, नवी चप्पल. बसल्या, चहा आला, त्यांनी कप उचलला आणि न पिताच परत बशीत ठेवला.

"काय झालं सिस्टर?"

"सांगितला आकडा. पंचेचाळीस." त्यांना तेव्हा बावीस हजार मिळत होते. "तो एचआरचा पोरगा म्हणाला, मॅडम, आमची पॉलिसी आहे, आधीच्या पगारावर तीस टक्के. मी म्हटलं, पॉलिसी तुमची असेल, हात माझे आहेत. माझ्या जुन्या पगारावर टक्के लावू नका, तुमच्या थिएटरच्या कामावर लावा. तर म्हणतो, या वयाला इतकं जरा जास्त नाही का? मी म्हटलं, वयाला देऊ नका, कामाला द्या."

"मग?"

"मग मी गप्प बसले. मास्क वर." त्या जरा हसल्या. "पण परब, तोही गप्प बसला. तोसुद्धा कुठेतरी शिकून आला होता. दोघं बसलोय आपले एकमेकांकडे बघत. शेवटी म्हणाला, कळवतो."

त्यांनी गार झालेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाल्या, "पन्नास वर्षांची झाले. आयुष्यात पहिल्यांदा आकडा सांगितला."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. साऱ्या मुलींना तोंड उघडायला शिकवणाऱ्या या बाईने स्वतः कधीच मागितलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं. त्यांची आई त्याच नर्सिंग होममध्ये आया होती. नायगावच्या चाळीतलं बौद्ध कुटुंब, वडील गिरणीत बदली कामगार, आणि घरात शिकून नर्स झालेली ही पहिली मुलगी. डॉक्टरांकडे नेताना आईने जिन्यातच बजावलं होतं, तिथे जास्त बोलू नको, मिळालं हेच खूप. डॉक्टरांनी विचारलं, अपेक्षा किती? यांनी सांगितलं, तुम्ही द्याल ते. तीन महिन्यांनी यांच्याच बॅचची एक मुलगी तिथे लागली. तिला अडीचशे रुपये जास्त.

"ती माझ्याहून हुशार होती अशातला भाग नाही. तिने तोंड उघडलं, एवढंच. पुढची अठ्ठावीस वर्षं माझी प्रत्येक वाढ त्या पहिल्या पगारावर चढत गेली. ते अडीचशे कधी भरून निघालेच नाहीत बघ." मग घाईघाईने म्हणाल्या, "आईची चूक नव्हती हां. तिला बिचारीला जन्मात कुणी विचारलंच नव्हतं, बाई, तुला किती हवेत."

आठ दिवसांनी फोन आला. मला. त्या हॉस्पिटलच्या एचआरमधून तोच तरुण बोलत होता. स्टाफ नर्सच्या ऐवजी ते मला थिएटर इन्चार्जची जागा द्यायला तयार होते. पगार चौतीस हजार. तीस टक्क्यांच्या पॉलिसीचं त्याने नावही काढलं नाही. "एक सीनियर उमेदवार होत्या, पण त्यांच्या अपेक्षा आमच्या बजेटमध्ये बसत नाहीत," तो म्हणाला. मंगळवारपर्यंत कळवायचं होतं.

चौतीस हजार म्हणजे माझ्या तेव्हाच्या पगाराच्या दुप्पट. संदेशने ऐकलं. उठून मुलीची वेणी घालायला लागला, जे त्याने त्याआधी कधी केलं नव्हतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "घे गो बाय. देवान दिल्यान हा, नाय म्हणा नको." मी मात्र होकाराचा फोन लावला नाही. ती जागा माझी नव्हती. कोणाची होती ते मला माहीत होतं, आणि नर्सिंग होम बंद होणार म्हणून त्या कोणाला ड्युटीनंतर रोज दादरला एका आजारी म्हातारीच्या उशाशी बसून दिवसाचा भत्ता घ्यावा लागत होता, हेही माहीत होतं.

रविवारी सकाळी मी नायगावला गेले. सिस्टर गॅलरीत पाटावर बसून सुके बोंबील साफ करत होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं आणि शेवटी म्हटलं, "मी नाही म्हणून सांगणार आहे."

"का?"

"ती तुमची जागा आहे."

"माझं नाव कोरलंय का तिच्यावर?" त्यांनी बोंबलाचं डोकं खुडलं. "बस खाली. घरात नवरा बसलाय, पोरगी शाळेत जाते आणि तू माझ्यासाठी उपास करणार. मी सांगितलंय उपास करायला? जागा घे."

मी बसले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं.

"पण एक सांगते परब. चौतीसला घेतलीस तर माझ्या दारात पाऊल टाकायचं नाही."

मी डोळे पुसले.

"नीट ऐक. तू चौतीसला गेलीस तर तो पोरगा म्हणेल, बघा, म्हातारी उगाच जास्त मागत होती. तू पंचेचाळीसला गेलीस तर मी मागितलं ते बरोबर होतं." त्यांनी हात झटकले. "माझाच आकडा सांग. एक रुपया कमी नाही. मला नाही मिळाला तर नाही मिळाला, खोटा पडता कामा नये."

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर तुझं नुकसान आहे. ते मी भरून देऊ शकत नाही. म्हणून जबरदस्ती करत नाही. विचार कर." एवढं बोलून त्यांनी मला चहा दिला आणि त्या विषयावर पुन्हा एक अक्षर काढलं नाही.

मंगळवारी मी गेले. काचेची खोली, तो निळ्या शर्टातला तरुण आणि त्याच्या शेजारी हॉस्पिटलच्या नर्सिंग सुपरिटेंडंट, पिकल्या केसांच्या केरळी बाई. त्याने कागद पुढे सरकवला. मी कागदाला हात लावला नाही. म्हटलं, "सर, या जागेसाठी माझी अपेक्षा पंचेचाळीस आहे."

तो हसला. "मॅडम, तुमच्यापेक्षा सोळा वर्षं जास्त अनुभव असलेल्या बाईंनी आम्हाला हाच आकडा सांगितला होता."

याची तालीम झालेली नव्हती. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "मग दोघींच्या मते काम तेवढ्याचंच आहे, सर."

आणि मी गप्प बसले. आयुष्यात इतकं कठीण काम मी केलेलं नाही. बाळंतपणसुद्धा सोपं होतं. एसीचा आवाज, टेबलावर पाण्याची बाटली, तिच्यावरून खाली घसरणारा एक थेंब. मला मुलीचा चेहरा दिसत होता, संदेश दिसत होता. चौतीस चालतील, हे शब्द अगदी दातांपर्यंत आले होते. मी जीभ चावून धरली.

सुपरिटेंडंट बाई बोलल्या. त्यांच्या मल्याळी वळणाच्या हिंदीत त्यांनी त्याला सांगितलं की थिएटर पुढच्या महिन्यात सुरू करायचं आहे आणि दोन माणसं एकच गोष्ट सांगतात तेव्हा ती ऐकावी. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, सहा महिने बेचाळीस, काम बघून पुढे पंचेचाळीस. मी म्हटलं, "चालेल. पण पंचेचाळीसचं आत्ताच लेटरमध्ये लिहून द्या." त्यांनी मान हलवली. ती मान हलताना त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू होतं, हे मी शपथेवर सांगेन.

पत्र हातात घेऊन मी थेट नायगावला गेले. जिना चढताना वाटत होतं, सिस्टरांना कुठेतरी लागलंच असेल, माणूसच आहे शेवटी. त्यांनी चष्मा लावून पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. बेचाळीसवर बोट थांबलं, पंचेचाळीसवर पोचलं. मग त्या उठल्या, गॅलरीत गेल्या आणि थिएटरमध्ये कधीही न चढलेल्या आवाजात ओरडल्या, "अगो सुमन, अहो काका, बाहेर या जरा! आमची परब इन्चार्ज झाली! पंचेचाळीस हजार!"

"सिस्टर, सहा महिन्यांनी," मी मागून कुजबुजले.

"गप्प बस. लिहून दिलंय ना?"

शेजारपाजारच्या बायका जमल्या. कुणाचा पगार असा गॅलरीत ओरडून सांगितलेला त्या चाळीने कधी ऐकला नसेल. मला लाजेने मेल्यासारखं झालं होतं, आणि त्याच वेळी छाती अशी भरून आली होती की श्वास घेता येईना. सिस्टरांचा चेहरा बघितला तर वाटावं, पगार त्यांनाच झालाय.

त्यांनाही पुढे दोन महिन्यांत काम मिळालं, गिरगावात फणसवाडीजवळच्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात. तिथेही त्यांनी पंचेचाळीसच मागितले. ट्रस्टी म्हणाले, आमची ऐपत छत्तीसची आहे. सिस्टरांनी छत्तीस घेतले, पण सगळे रविवार मोकळे मागून घेतले. मला फोनवर म्हणाल्या, "रविवारची किंमत महिन्याला नऊ हजार लावली मी. आकडा कमी केला नाही, नुसता फोडून घेतला." तिथे त्यांनी आठ वर्षं थिएटर चालवलं. त्यांच्या निरोप समारंभात ट्रस्टचे सेक्रेटरी म्हणाले की मोहिते सिस्टर आल्यापासून आमच्या मुली फार बोलायला लागल्या. ते तक्रार म्हणून म्हणाले होते. टाळ्या मात्र खूप पडल्या.

गेल्या वर्षी त्यांच्या पित्ताशयात खडे निघाले. मुलगा त्यांना जवळच्या हॉस्पिटलात नेत होता, त्या ऐकेनात. "परबकडे ने." म्हणून त्या माझ्या हॉस्पिटलात दाखल झाल्या. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मी त्यांच्या खोलीत गेले तर एक तरुण मुलगी टॅब घेऊन पेशंटचा अभिप्राय विचारत होती. "मावशी, आमचा नर्सिंग स्टाफ कसा वाटला?"

"चांगला आहे," सिस्टर म्हणाल्या. "स्वस्तात मिळालेला दिसत नाही."

मुलीला ते कुठल्या रकान्यात टाकावं कळेना. तिने पाच तारे दिले आणि गेली.

इन्चार्ज झाल्यापासून मी स्वतः हत्यारं द्यायला क्वचितच उभी राहते. त्या दिवशी उभी राहणार होते. पण सिस्टरांना टेबलावर घेतल्यावर, ती हिरवी चादर, ते बुटकं शरीर, केसांवर टोपी, हे बघून मला राहवेना. हात निर्जंतुक करायच्या आधी मी त्यांच्या डोक्याशी गेले आणि त्यांचा हात धरला. म्हटलं, "भूल चढेपर्यंत मी इथेच थांबते सिस्टर."

त्यांनी मान वळवून सगळं थिएटर एकदा बघून घेतलं. दिवे, ट्रॉली, ओळीने मांडलेली हत्यारं, भिंतीपाशी उभ्या माझ्या दोन मुली. बराच वेळ बघितलं. मग माझा हात हळूच बाजूला केला.

"इथे भूलवाले डॉक्टर असतात," त्या म्हणाल्या. "तू तुझ्या जागेवर उभी राहा."